एका माणसामागे तीन सावल्या

पहाटे साडेपाच

या आठवड्यात शेताच्या लाइनला पहाटेची पाळी आहे. अप्पा कानाला मफलर गुंडाळून मोटर टाकायला निघतात आणि माझ्या खोलीत उजेड दिसला की दारात थांबतात. "काय करून राहिला रे एवढ्या पहाटे?"

"स्क्रीन तपासतोय."

खरं तेच आहे. जानेवारीत रात्रभर बंद पडून गार झालेला लॅपटॉप उघडला की पहिल्या वीसेक मिनिटांत त्याची खोड जितकी उघडी पडते तितकी दिवसभरात पडत नाही. आज ती मोजायची, असं काल रात्री हरल्यावर ठरवलं होतं.

खोड अशी: व्हॅलोरंट खेळताना माउस झटक्यात वळवला की भिंतीच्या कडेला करडी शेपटी फुटते. समोरून कुणी आडवा पळाला की त्याच्यामागे त्याचीच फिकी आकृती पळते, तिच्यामागे आणखी फिकी. खेळणारी पोरं याला घोस्टिंग म्हणतात. मी घरात सरळ भूत म्हणालो, तेव्हापासून आई लॅपटॉप देवघराच्या बाजूला ठेवू देत नाही.

लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतला. दुकानदाराने १४४ हर्ट्झचा स्टिकर नखाने ठोकून दाखवला होता. सेकंदाला १४४ चित्रं, म्हणजे एक चित्र जेमतेम ७ मिलिसेकंद. महिन्याभराने शेपट्यांची तक्रार घेऊन गेलो तर तो म्हणाला, "सवय होईल." सवय झाली नाही. मग ज्याला त्याला विचारत सुटलो. कुणी म्हणालं ड्रायव्हर बदल, कुणी म्हणालं रॅम वाढव, कुणी म्हणालं सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. ते मी दोनदा टाकलं.

आज कुणाला विचारणार नव्हतो. करड्या पट्ट्यावर काळा ठोकळा आडवा सरकवणारी चाचणी लावली, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि स्लो मोशनमध्ये चित्रण घेतलं. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. मग एकेक फ्रेम बोटाने पुढे ढकलत मोजलं. ठोकळा निघून गेला. त्याच्या जागी पहिल्या फ्रेमला काळं, दुसरीला काळपट, तिसरीला राखी, चौथीला धुरकट, पाचवीला कुठे खरा करडा. पाच फ्रेम, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. स्टिकर सातचं वचन देतो, काच एकवीस घेते. एक चित्र पुसून व्हायच्या आत पुढची तीन येऊन ठेपतात. एका माणसामागे तीन सावल्या दिसतात त्या अशा.

दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात तक्रारीऐवजी आकडा होता. थंडीत बोटं बधिर झाली होती, पण आनंद झाला.

सकाळी सात

चहा. लॅपटॉप तासभर चालून कोमट झालेला. तेच चित्रण पुन्हा घेतलं तर चार फ्रेम, सतराच्या आसपास. म्हणजे थंडी गेली तशी शेपटी आखडली.

अप्पा शेतातून आले तेव्हा मी हे उत्साहाने सांगितलं. काचेच्या आत एक दाटसर द्रव असतो, त्याचे कण विजेच्या इशाऱ्यावर वळतात, त्यावर उजेड किती पुढे सोडायचा ते ठरतं. थंडीत तो द्रव घट्ट होतो आणि कण हळू वळतात. अप्पांनी बशीतला चहा संपवला. "केळीचं तसंच आहे ना. थंडी पडली की निसवण अडते. घड पोग्यातून बाहेर यायलाच बघत नाही." मग जरा थांबून, "तुझ्या त्या द्रवालाही ऊन पाहिजे म्हण."

बऱ्हाणपूरच्या या पट्ट्यात केळीवर घर चालतं, त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट अप्पांकडे केळीतून जाते. पण इतकी नेमकी उपमा मला दिवसभर सुचली नसती.

सकाळी दहा

दुकान उघडतो. दुकान म्हणजे कियोस्क: समग्र आयडी, आधारची जोडणी, खसरा, परीक्षेचे फॉर्म, पैसे काढणं. खकनार तहसिलीतल्या आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात. घरी मराठी, फॉर्म हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी. सीमेपलीकडचे पाहुणे आले की 'सातबारा काढून दे' म्हणतात. त्यांना सांगावं लागतं की इकडे खसरा आणि बी-वन.

रात्री ज्या लॅपटॉपवर खेळतो तोच दिवसा इथे पोटाला लागतो. फॉर्म जागचा हलत नाही, त्यामुळे कामात भुताचा उपद्रव नाही, असं मी समजत होतो. आज एक म्हातारे शेतकरी खसऱ्याचा नंबर शोधायला माझ्या बाजूला वाकून उभे राहिले. मी पान भराभर वर सरकवत होतो. ते म्हणाले, "जरा हळू घ्या भाऊ, आकडे पुसले चालले."

मला वाटत होतं, हे मला एकट्याला दिसतं. पांढऱ्या पानावरचे काळे बारीक आकडे, सरकताना त्यांच्यावर राखी ओरखडा उठतो आणि पान थांबल्यावर क्षणभराने आकडा जागेवर बसतो. त्यांनी आयुष्यात गेम पाहिलेला नाही, घोस्टिंग हा शब्द ऐकलेला नाही, पण दुखणं बरोबर सांगितलं. मी पान थांबवून नंबर वाचून दाखवला.

त्यानंतर कोरकू वस्तीवरून एक आजी आल्या, ई-केवायसीला. अंगठा लागेना. कापूस वेचून, निंदून बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या, त्यात थंडीने कातडी कोरडी. मी टेबलावरची खोबरेल तेलाची बाटली पुढे केली, बोट पुसून घेतलं, दहापैकी सात बोटं झाली, आठवं लागलं. या कामात पाऊण तास गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. यंत्राला माणूस ओळखू येत नाही तेव्हा चूक माणसाची आहे असं म्हणून परत पाठवणारे पुष्कळ आहेत.

दुपारी एक

जेवायला घरी. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. अप्पा भुताचा विषय विसरलेले नव्हते.

"आमच्या टीव्हीतही भुतं होती," ते म्हणाले.

१९८७-८८ ची गोष्ट. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं आणि अप्पा बऱ्हाणपूरला मामांकडे राहत असताना ते बघायचे. कृष्णधवल संच, घरात बसायला जागा नाही, खिडकीतही माणसं. "एका रामाच्या उजव्या अंगाला दुसरा फिका राम. बाण सोडला की दोन बाण. मग एकजण गच्चीवर जाऊन पाइप फिरवायचा, एकजण खिडकीत, एकजण टीव्हीसमोर. 'आला का?' 'नाही!' 'आता?' 'आणखी जरासा!'"

ते भूत निराळ्या जातीचं. लहरी थेट अँटेनावर यायच्या आणि त्याच लहरी डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून थोड्या उशिराही यायच्या. टीव्ही चित्र डावीकडून उजवीकडे रेघ ओढत काढतो, त्यामुळे उशिरा पोचलेलं चित्र थोडं उजवीकडे सरकून उमटायचं. सातपुड्याच्या कुशीत अशा दुबार चित्रांना तोटा कसा असेल? आणि त्यावर उपाय खरोखरच गच्चीवरचा पाइप फिरवणं हाच होता: आपटून येणाऱ्या लहरींकडे अँटेनाने पाठ करायची.

तसला पाइप आमच्या घरावर अजून उभा आहे. अँटेना कधीच भंगारात गेली. पाइपाला आता नेटवाल्याचा पांढरा डबा बांधलाय आणि खाली आईची वाळवणाची दोरी.

दुपारी तीन

गिऱ्हाईक नाही. या वेळेत मी वाचतो. काचेतल्या त्या द्रवाची गोष्ट गाजरापासून सुरू होते हे आज कळलं. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीडरिख राइनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होते. ते संयुग १४५.५ अंशांना वितळलं, पण गढूळ राहिलं, १७८.५ अंशांना पुन्हा पालटलं आणि नितळ झालं. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू. मधल्या अवस्थेत तो धड घन नाही, धड द्रव नाही. वाहतो द्रवासारखा, पण कण मात्र ओळीत. त्यालाच पुढे द्रव स्फटिक म्हणाले. यात आपल्याकडचंही एक मोठं नाव आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधून काढले. तोवर काडीसारख्या लांबट रेणूंचेच माहीत होते. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे.

माझ्या कामाची गोष्ट पुढे होती. वीज लावली की कण ओढून वळवले जातात, ते त्या मानाने लवकर होतं. वीज काढली की मात्र त्यांना परत कुणी ओढत नाही. ते आपापल्या लवचिकपणाने, आपल्या सवडीने मूळ जागी येतात. आणि काळ्याकडून पांढऱ्याकडे उडी मारायची तर जोर मोठा असतो. एका राखी छटेवरून शेजारच्या राखी छटेवर जायचं तर इशाराच इतका मवाळ की कण रेंगाळतात. गेममधल्या अंधाऱ्या बोळात, जिथे सगळंच राखी असतं, तिथेच मला माणूस दिसत नाही. त्याचं कारण हे.

आणखी एक वाचून हसू आलं. जुन्या लॅपटॉपच्या पडद्यांत कण इतके मंद होते की माउसचा बाण हलला की दिसेनासाच व्हायचा, पाणबुडीसारखा बुडायचा आणि थांबल्यावर वर यायचा. म्हणून १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये बाणामागे मुद्दाम बाणांची रांग सोडायची सोय दिली. ती सोय आजही माउसच्या सेटिंगमध्ये आहे. बाण हरवतो म्हणून माणसाने बाणाला हाताने भूत लावून दिलं. मी ज्याच्यामागे दोन वर्षं लाठी घेऊन फिरतोय, ते एकेकाळी औषध होतं.

संध्याकाळी सहा

दहावीतला एक मुलगा शाळा सुटली की दुकानात येतो. फॉर्मचं निमित्त असतं, डोळा लॅपटॉपवर. "दादा, ग्राफिक्स कार्ड उडालंय तुमचं," हे त्याचं जुनं निदान. त्याचा भाऊ इंदूरला शिकतो आणि हे निदान त्याने फोनवरून पाठवलेलं आहे.

आज मी त्याला म्हटलं, चल, बघू. आधी व्हॅलोरंटच्या सरावाच्या मैदानात उतरलो. माउस गरगर फिरवला, शेपट्या सुटल्या, आणि त्या फिरत्या चित्राचाच स्क्रीनशॉट घेतला. उघडून मोठा करून दाखवला. खांबाची कड चाकूने कापल्यासारखी. शेपटीचा मागमूस नाही.

"गेलं कुठं?" तो म्हणाला.

कुठे जाईल, ते चित्रात नव्हतंच. कार्डाने काढून दिलेलं चित्र साफ आहे, म्हणून स्क्रीनशॉट साफ. घाण काचेत होते, आणि स्क्रीनशॉट काचेचा फोटो काढत नाही. कार्ड निर्दोष सुटलं.

मग दुसरा गेम लावला, सायबरपंक २०७७. रात्रीचा रस्ता, पुढे गाडी. गाडीच्या मागच्या दिव्यांखाली डांबरावर धुरकट ओघळ. पुन्हा स्क्रीनशॉट. आणि इथे ओघळ स्क्रीनशॉटमध्येही हजर! मुलगा खुर्चीतून उठला. "दादा, मग आता कार्ड!"

कार्डाचा दोष नाही हाही. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून हे नवे गेम मागच्या फ्रेममधून रंग उसने घेतात आणि चालू फ्रेममध्ये मिसळतात. टीएए म्हणतात त्याला. कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणारं डीएलएसएसही तीच उसनवारी करतं. वस्तू स्थिर असेल तर उसनं फिटतं. वस्तू पळाली आणि गेमला तिच्या पळण्याचा अंदाज चुकला की जुन्याची बाकी डांबरावर राहते. यावर उपाय गेमच्या सेटिंगमध्ये: मोठं करण्याचा दर्जा वरचा, आणि नवी आवृत्ती आली असेल तर ती.

म्हणजे मी दोन वर्षं एका नावाखाली दोन रोग सांगत होतो आणि लोक मला तिसऱ्याच रोगाची औषधं देत होते. एक बटण दाबून कळण्यासारखी गोष्ट होती ती.

एवढ्यात लाइट गेली. चार्जर बंद होताच लॅपटॉप आपल्या सवयीप्रमाणे ६० हर्ट्झवर उतरला. मुलाने माउस फिरवून बघितला आणि ओरडला, "दादा, भुतं कमी झाली!" बघितलं, तर खरंच तीनऐवजी एकच फिकी आकृती. मला क्षणभर फसायला झालं. पण हिशोब केला तर काच घेते तितकाच वेळ घेत होती. चित्रं मात्र आता १६.७ मिलिसेकंदांनी येत होती, म्हणून त्याच शेपटीत नकला कमी मावल्या. शेपटी तेवढीच लांब, वर हालचाल धक्क्याधक्क्याने. मुलाला हे पटलं नाही. तो म्हणाला एक भूत तीनपेक्षा बरं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री आठ

दुकान बंद. दिवसाचा हिशोब, ४० रुपये जास्त निघाले, ते कुणाचे ते आठवेना.

रात्री नऊ

जेवण उरकून मूळ प्रश्नावर आलो. काचेला वेगाने वळवायचं कसं? त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात आणि त्यात जादू नाही. केळीने भरलेली ट्रॉली जागची हलवताना ट्रॅक्टरला आधी जादा रेस देतात आणि चाक फिरलं की कमी करतात, तसंच इथे. कणाला हवं त्याहून जास्त दाबाचा झटका क्षणभर द्यायचा, मग खऱ्या दाबावर आणायचं.

ही सोय माझ्या लॅपटॉपला आहे की नाही हे कंपनीच्या छापील पुस्तिकेत शोधलं. होती. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिसऱ्या पानावर, एक साधी खटकी. ते सॉफ्टवेअर माझ्याकडे कुठे आहे? नाहीच. पहिल्यांदा विंडोज पुसून टाकलं तेव्हा त्याच्यासोबत तेही गेलं. भूत घालवायला म्हणून जे केलं त्यात भुताचा उतारा फेकून दिला, आणि दुसऱ्यांदा पुन्हा तेच.

मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग सॉफ्टवेअर उतरवायला लावलं. आमच्या नेटवर त्याला चाळीस मिनिटं लागली. खटकी चालू केली, मोबाइल पुन्हा डब्याला टेकवला. अडीच फ्रेम! दहा मिलिसेकंदांच्या आसपास. सातवर अजून आलं नाही, येणारही नाही, ही काच तेवढीच आहे. पण तीन सावल्यांची दीड झाली.

फुकट काही मिळत नाही. काळ्या ठोकळ्यामागे आता शेपटीऐवजी एक पांढुरकी किनार चमकते. ट्रॉलीला रेस जास्त झाली की ती थांबायच्या जागेच्या पुढे जाते, तसा कण करड्यावर थांबायच्याऐवजी पांढऱ्याकडे घसरून परत येतो. याला उलटं घोस्टिंग म्हणतात. मला काळ्या शेपटीपेक्षा ही किनार परवडते, कारण अंधाऱ्या बोळातली काळी शेपटी माणसासारखी दिसते आणि पांढरी किनार कशासारखीच दिसत नाही. ज्याला उजेडातले गेम खेळायचे त्याने कदाचित उलटं ठरवावं. शत्रूच्या कडेचा रंगही लाल होता तो पिवळा केला. राखाडी भिंतीसमोर पिवळा लवकर डोळ्यात भरतो.

रात्री साडेदहा

अकोल्याहून आत्याचा मुलगा जोडला गेला. त्याच्याकडे ओलेडचा पडदा आहे. त्यात द्रवच नाही, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि विझतो, एक मिलिसेकंदही लागत नाही. तरी तोही म्हणतो की जोरात फिरलं की थोडं पुसट दिसतंच. ते डोळ्यामुळे. डोळा सलग फिरत असतो आणि चित्र मात्र पुढचं येईपर्यंत जागच्या जागी थांबलेलं असतं.

पहिला डाव. अंधारा बोळ, डावीकडून कुणीतरी आडवा गेला, आणि मला तो एकच दिसला. एक माणूस, पिवळी कड, मागे कुणी नाही. नेम लागला.

"अबे, आज काय खाऊन बसला?" आत्याचा मुलगा.

दुसऱ्या डावात तोच बोळ, तोच कोपरा. तो आडवा गेला, मी नेम धरला, आणि तो होता तिथून नाहीसा होऊन चार पावलं पुढे उगवला. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. मी मेलो. कोपऱ्यातला पिंगचा आकडा तीनशेच्या वर गेलेला. हे काचेचं नाही, उसनवारीचंही नाही, हे गच्चीवरच्या पांढऱ्या डब्याचं. बाहेर वारा सुटला होता.

माझी शिवी जरा मोठ्याने गेली असावी. शेजारच्या खोलीत खाट करकरली. अप्पांना पहाटे मोटरवर जायचंय, ते दहालाच निजतात.

"काय झालं रे?"

"काही नाही अप्पा. माणूस मध्येच गायब होऊन राहिला, मग भलतीकडं दिसतो."

थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं झोपले. मग चपला शोधल्याचा आवाज आला.

"मी वर जातो," अप्पा म्हणाले. "पाइप फिरवतो जरासा. आला की आवाज दे."